८ लिटरची एक्स्पान्शन टाकी: १०० लिटरच्या गिझरला पुरेशी

प्रेशर पंपावर चालणाऱ्या गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह रोज ठिबकत असेल, तर व्हॉल्व्ह बदलण्याआधी ही टाकी बसवा: आत रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला फुगलेलं पाणी. १०० लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर गेलं की साधारण १.७ लिटरने फुगतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे ते मागे जात नाही, म्हणून दाब चढतो. लाइनचा दाब ३ बार असेल, तर तो ६ बारपर्यंत चढेपर्यंत ही टाकी जवळपास साडेतीन लिटर सामावते. ५ लिटरचीही चालली असती, पण जास्तीची जागा केव्हाही बरी.

टाकीसाठीचा टी (तीन तोंडांचा जोड) थंड पाण्याच्या लाइनवर, नॉन-रिटर्न आणि गिझर यांच्या मध्येच हवा. तिथे बंद करता येणारा कॉक नको, आणि सेफ्टी व्हॉल्व्हला बूच तर कधीच मारू नका!

टाकीतली हवा, आत पाणी नसतानाच भरायची, सायकलच्या पंपाने, लाइनच्या दाबाइतकी: ३ बार म्हणजे ४३-४४ पीएसआय. कंपनीतून भरून आलेल्या हवेवर विसंबू नका, गेज लावून बघा. ब्रॅकेट मात्र तकलादू, वेगळी क्लॅम्प घ्या. पुढे कधी हवेची पिन दाबल्यावर पाणी आलं, तर आतला रबरी पडदा फाटला आहे.