‘शून्य टक्के’ व्याजाची खरी किंमत

एका क्रेडिट कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर वळती करा, तीन महिने व्याज शून्य, असे सांगणारा फोन आला तेव्हा माझ्या जुन्या कार्डावर दरमहा ३ टक्के व्याज चढत होते. हा दर ऐकायला किरकोळ वाटतो. पण व्याजावरही व्याज चढत गेले की वर्षाला तो ४२ टक्क्यांच्या वर जातो. ‘आणखी काही आकार आहे का?’ असे मी स्पष्ट विचारले आणि प्रतिनिधीने ‘काहीही नाही’ असे तितकेच ठाम उत्तर दिले.

पहिल्याच बिलात वळत्या केलेल्या रकमेवर ३ टक्के प्रक्रिया शुल्क लावलेले होते. तीन महिन्यांच्या सवलतीसाठी ३ टक्के आगाऊ कापून घेणे म्हणजे वर्षाच्या हिशेबाने १२ टक्के व्याजच, फक्त त्याला नाव दुसरे. तेही एक वेळ सोसले असते. खरी मेख पुढच्या ओळीत होती. त्या कार्डावरच्या बारीकसारीक खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून पूर्ण दराने व्याज आकारले होते, कारण वळती केलेली रक्कम बाकी म्हणून उभी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळणार नाही, अशी अट होती. ती अट ज्या पत्रकात होती, ते हाती पडले व्यवहार उरकल्यावर.

जुन्या कार्डाचे त्रांगडे वेगळेच. शेवटच्या बिलापासून पैसे जमा होईपर्यंतचे व्याज तिथे मागे राहिले होते. ‘ते खाते आता पूर्ण मिटले’ असे मला सांगितलेले असल्याने ती चिल्लर रक्कम भरायची राहिली आणि तिच्यावर तिच्याहून मोठा विलंब आकार बसला.

असा फोन आल्यास शुल्क किती, सवलत संपल्यावर दर किती आणि एक हप्ता चुकला तर सवलत रद्द होते का, याची उत्तरे होकार देण्यापूर्वी लेखी मागावीत. टाळाटाळ झाली तर फोन ठेवावा. एका कार्डावरून रोख काढून दुसरे फेडण्याचा सल्ला तर ऐकूच नये, कारण रोख रकमेवर वेगळे शुल्क लागते आणि व्याज साधारणपणे त्याच दिवसापासून सुरू होते.

माझ्या तक्रारीवर बँकेने कळवले की फोन करणारा बाहेरच्या एजन्सीचा होता आणि अटी मला ईमेलने पाठवल्या होत्या. त्या ईमेलची तारीख माझ्या होकारानंतरची असल्याचे दाखवून दिल्यावर निम्मे शुल्क परत मिळाले. खरेदीवरच्या व्याजाबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हते.