डब्ल्यूडीएम-२ चं एचओ मॉडेल: काही महिने चालवल्यावर लिव्हरीबद्दल काय म्हणावं

डब्ल्यूडीएम-२ हे भारतीय रेल्वेचं डिझेल इंजिन. त्याचं हे मॉडेल एचओ मापाचं आहे, म्हणजे १:८७.१. लिव्हरी म्हणजे इंजिनाचा रंग, पट्टे आणि अक्षरं. मरून अंग, मधून क्रीम पट्टा, पश्चिम रेल्वेची अक्षरं. उन्हाळा आणि पावसाळा असे बडोद्यातले दोन्ही कठीण ऋतू ते रुळावर राहिलं, त्यामुळे खोक्यातून काढल्या दिवशी जे दिसत नाही त्याबद्दल आता खात्रीने लिहिता येतं.

खोकं उघडलं की बहुतेक जण आधी मरूनची छटा बघतात. छटा सगळ्यात शेवटी बघावी. पीओएच (ठरावीक काळाने होणारी मोठी दुरुस्ती आणि रंगकाम) होऊन नुकतंच बाहेर पडलेलं इंजिन आणि दोन वर्षं उन्हात चाललेलं इंजिन यांचा मरून एकसारखा कधीच नसतो. लाल रंगद्रव्य उन्हात मरतं, वरून धूर आणि ब्रेकची धूळ बसते. पट्ट्याची उंची, तो कोपऱ्यावर कसा वळतो, नंबर केबच्या (चालकाच्या खोलीच्या) कुठल्या भागावर आहे, हे मात्र पुढचा रंग लागेपर्यंत हलत नाही. म्हणून लिव्हरी बरोबर की चूक हा प्रश्न एका ठरावीक नंबरच्या इंजिनाबद्दल आणि ठरावीक काळाबद्दलच विचारता येतो. त्या नंबरचे, त्याच काळातले, दोन्ही बाजूंचे फोटो हातात नसतील तर निकाल देऊ नये.

बडोद्याचं शेड विजेच्या इंजिनांचं. डिझेलसाठी रतलाम आणि वटवा या शेडांच्या इंजिनांचे जुने फोटोच कामाला येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १८०४० नंबरचं डब्ल्यूडीएम-२ उभं आहे. बॉडीचे तपशील तपासायला ते उत्तम, पण संग्रहालयातला रंग हा जतनासाठी पुन्हा दिलेला रंग असतो, तो धावत्या काळाचा पुरावा धरू नये.

आता मापं. खरं इंजिन बफरसह १७.१२ मीटर लांब आणि ४.१८५ मीटर उंच, चाक १०९२ मिमी. एचओमध्ये हे अनुक्रमे १९६.६, ४८ आणि १२.५ मिमी येतं. या मॉडेलची लांबी आणि चाकं चोख आहेत. उंची ४९ मिमी भरते. एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात ८७ मिमी, आणि ही वाढ सगळी हूडमध्ये (केबच्या एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड असलेलं यंत्रावरचं झाकण) गेली आहे, बहुधा खाली मोटर बसवण्यासाठी. याचा थेट फटका लिव्हरीला बसतो. पट्टा फुटप्लेटपासून (हूडच्या कडेची चालायची पट्टी) बरोबर उंचीवर छापलाय, पण त्याच्या वरचा मरून भाग जास्त दिसतो आणि पट्टा खाली घसरल्यासारखा वाटतो. त्यामुळे आधी बॉडी मोजायची, मग पट्टा.

बोगी बरोबर आहे, आणि हे आवर्जून सांगावंसं वाटतं. डब्ल्यूडीएम-२ ची तीन आसांची ट्रायमाउंट बोगी ३.८१ मीटर आसांतराची (टोकाच्या दोन आसांमधलं अंतर), एचओत ४३.७ मिमी, आणि तिचा मधला आस बरोबर मध्यावर नसतो. पुष्कळ मॉडेलं मधला आस मधोमध असलेल्या तयार चेसिसवर उभी केलेली असतात. ती बाजूने बघताच खटकतात, वर कितीही सुंदर रंग असला तरी. रुळाची अडचण मात्र याही मॉडेलला आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओत १९.२ मिमी व्हायला हवा, पण मॉडेल १६.५ मिमीच्या रुळावर चालतं. दोन्ही बाजूंनी चाक १.४ मिमी आत जातं आणि समोरून इंजिन किडमिड्या पायांचं दिसतं. यावर इलाज नाही. बाजूच्या फ्रेम मात्र खऱ्या रुंदीवर ठेवल्यात, तो निर्णय योग्य आहे.

पट्टा तपासायची रीत अशी: डिजिटल कॅलिपरने फुटप्लेटपासून पट्ट्याच्या खालच्या कडेची उंची केबवर, लाँग हूडच्या मधोमध, रेडिएटरजवळ आणि टोकाच्या चेहऱ्यावर मोजा, दोन्ही बाजूंनी. ०.३ मिमीचा फरक डोळ्याला दिसतो. इथे डाव्या बाजूला सगळं जुळतं. उजव्या बाजूला लाँग हूडच्या कोपऱ्यावर ०.४ मिमीची पायरी आहे. बाजू आणि चेहरा टॅम्पो प्रिंटमध्ये (मऊ पॅडने शाई उमटवायची छपाई) वेगवेगळ्या पकडीत छापतात, पकड जरा हलली की ही पायरी पडते. त्याच छपाईचा दुसरा दोष दारांवर दिसतो. हूडच्या दारांचे बिजागर आणि कड्या उंच, फटी खोल. शाईचा पॅड उंचवट्यावर टेकतो आणि फटीत पोचत नाही, म्हणून पट्टा प्रत्येक दारापाशी केसभर तुटतो. मास्किंग करून फवारलेल्या पट्ट्यात हे होत नाही.

क्रीमला किंचित गुलाबी झाक आहे. मरूनवर क्रीमचा एकच हात दिला की खालचा लाल डोकावतो. आधी पांढरा थर लागतो. हा दोष छटेचा वाटतो पण आहे थराचा. ओळखायला सोपं: पट्ट्याचा रंग आणि केबच्या आतल्या किंवा इतर सुट्या क्रीम भागाचा रंग शेजारी धरून बघा.

अक्षरं दहापट भिंगाखाली बघावीत. प्रत्यक्षात १०० मिमी उंच अक्षर एचओत जेमतेम १.१५ मिमी होतं. रोमन अक्षरं आणि आकडे स्वच्छ आहेत, देवनागरीत शिरोरेषा दोन ठिकाणी तुटली आहे आणि ‘रे’ची मात्रा शिरोरेषेपासून सुटली आहे. दोन फुटांवरून दिसत नाही, फोटोत लगेच दिसतं.

नंबर आणि बॉडी यांचा मेळ ही सगळ्यात दुर्लक्षित बाब. डब्ल्यूडीएम-२ मध्ये ‘जंबो’ नावाने ओळखली जाणारी इंजिनं आहेत, त्यांचा शॉर्ट हूड पूर्ण रुंदीचा आणि समोरच्या काचा मोठ्या. उत्पादक एकाच साच्यावर चार-पाच नंबर छापून विकतात, त्यातला एखादा दुसऱ्याच बॉडीचा निघतो. तसंच होजचं, म्हणजे ब्रेकच्या हवेच्या नळ्यांचं. बीपीचे (ब्रेक पाइप) कॉक हिरवे आणि एफपीचे (फीड पाइप) पांढरे हवेत; इथे दोन्ही काळे आलेत, ते बारीक कुंचल्याने पाच मिनिटांत सुधारतात. पण लिव्हरी आणि अक्षरं फक्त व्हॅक्यूम ब्रेकच्या काळातली असतील आणि बफर बीमवर (टोकाची आडवी तुळई) एअर ब्रेकचे होज लोंबत असतील, तर ते रंगाने झाकता येत नाही.

छटा बघायचीच तर उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात, सकाळी दहा ते दुपारी चार. नाहीतर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा अंक) ९० च्या वरचा, ५००० केल्विनच्या आसपासचा दिवा वापरा. साध्या स्वस्त एलईडीखाली हाच मरून तपकिरी दिसतो. अशा उजेडात या मॉडेलचा मरून ताज्या रंगाच्या इंजिनाशी जुळतो, फक्त चकाकी जास्त आहे. छोट्या मापावर रंग जरा फिका लागतो, म्हणून कुठेही टचअप करताना पाच ते दहा टक्के पांढरा मिसळा.

वापरात काय टिकलं? टॅम्पोची अक्षरं आणि पट्टा पूर्ण टिकले. सोबत दिलेली जादा नंबरांची डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील पातळ पट्टी) पावसाळ्यात कडांना उचलली आणि खाली चंदेरी हवा धरली. सुईने बारीक टोचून सेटिंग सोल्यूशन (डिकॅल मऊ करणारं द्रव) सोडलं की बसतात. त्यावर मॅट लॅकरचा पातळ हात, पण तो पावसाच्या दिवसांत मारू नये, दमट हवेत लॅकर पांढुरकं होतं. हूडच्या बाजूंना जिथे बोटं लागतात तिथे मॅट फिनिश चकचकीत झालं आहे. घामाचं तेल आणि घासणं, दोन्ही कारणं. मॉडेल नेहमी इंधनटाकीला धरून उचला.

कठड्यांचा रंग उडाला. ते लवचिक ॲसिटल प्लॅस्टिकचे आहेत, त्यावर रंग धरतच नाही. ०.४ मिमीची पितळी तार वळवून नवे बसवणं हा खरा उपाय: ०.४ म्हणजे प्रत्यक्षात ३५ मिमी, कंपनीचे ०.७ मिमीचे म्हणजे ६१ मिमीचा पाइप.

तपशील आणि धावणं यांत ओढाताण आहे. काउकॅचर आणि होज बसवले की ४५७ मिमी त्रिज्येच्या वळणावर बोगी पाइपांना अडते. ६१० मिमीवर अडचण नाही. उलटसुलट वळणावर बफर एकमेकांत अडकून डबा उतरतो, त्यामुळे एस-वळणाच्या मध्ये निदान एका डब्याइतका सरळ रूळ ठेवा.

चाकं पुसताना आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्या, कपड्यावर ओतू नका. थेंब फुटप्लेटच्या कडेला लागला तर छापील रेघ निघून येते. मे-जूनची बारीक धूळ ओल्या फडक्याने पुसली की लूव्हरमध्ये (हूडवरच्या हवेच्या फटींत) चिखल बसतो. मेकअपचा मऊ ब्रश कोरडाच फिरवा. ठेवताना बबल रॅप टाळा, महिन्याभरात रंगावर गोल ठसे उमटतात. आम्लरहित टिश्यूत गुंडाळून सिलिका जेलसह बंद डब्यात, आणि पुड्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला तापवून कोरड्या करायच्या.