निळी चिकट कार्डं, गच्चीवरचे फुलकिडे आणि सोलापूरचं ऊन

गच्चीवरच्या गुलाबांना फुलकिडे, म्हणजे पानाफुलांचा रस शोषणारे बारीक किडे, लागले; ते चिकटून अडकावेत म्हणून निळी चिकट कार्डं आणली, त्यांचा हा रिव्ह्यू. मार्केट यार्डाजवळच्या एका कृषी सेवा केंद्रात दहा कार्डांचं पाकीट दीडशेच्या आत मिळालं. पाकिटावर ठळक अक्षरात छापलंय, 'फुलकिड्यांचा संपूर्ण बंदोबस्त'. तेवढं वाक्य सोडलं तर वस्तू चांगली आहे. पाचपैकी साडेतीन तारे.

दुकानदाराचा पहिला प्रश्न, "किती एकर?" म्हटलं, "एकर कुठलं ओ, जुळे सोलापुरात गच्ची आहे, तीसेक कुंड्या." तो हसला. "मग काका, दोन कार्डं लई झाली की." पण सुटी देईना. वर एक बाटली पुढे सरकवली, एका फवारणीत सगळं साफ म्हणाला. बाटलीवर लाल त्रिकोण होता, म्हणजे सगळ्यात जहाल विषाची खूण. खाली नातवंडं खेळतात, शेजारी वाळवणं पडलेली असतात, त्या गच्चीवर लाल त्रिकोण नको. बाटली तिथेच ठेवली.

आता कार्ड लावायच्या आधीचं काम. आपल्या झाडावर फुलकिडेच आहेत का, हे ओळखायला कार्ड लागत नाही. पांढरा कागद पुरतो. गुलाबाची अर्धवट उमललेली कळी किंवा मिरचीचा शेंडा कागदावर धरायचा आणि बोटाने टिचक्या मारायच्या. बारीक रेघेएवढे, पिवळट किंवा तपकिरी जीव पडून चालायला लागले की समजायचं. थ्रिप्स म्हणतात ते हेच.

मी टॉवेल कारखान्यात क्वालिटी चेकिंगला होतो, अक्कलकोट रोडला. त्यामुळे घरात पिक ग्लास आहे, एका इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं घडीचं भिंग. ते कागदावर ठेवून बघितलं. एक-दीड मिलिमीटरचा किडा, दोन्ही टोकांना निमुळता. चालता चालता थांबतो, शेपटाकडचा भाग वर उचलतो, पुन्हा चालतो. पंख मिटलेले असले की पाठीवर नुसती एक रेघ. एकाने उघडले तेव्हा दिसलं, पंख म्हणजे एक दांडी आणि तिला कडेने केसांची झालर. आयुष्यभर टॉवेलच्या झालरी तपासल्या, इतकी एकसारखी एकाही लॉटमध्ये आली नाही.

झाडावरच्या खुणाही ठरलेल्या आहेत. पानावर चंदेरी चट्टे, त्यात काळे बारीक ठिपके. ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा. पान खरवडून रस शोषतात, म्हणून तो भाग रिकामा होऊन चमकतो. गुलाबाची कळी वेडीवाकडी होते, पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात, कधी कधी उमलतच नाही. मिरचीचं पान वरच्या बाजूला वाटीसारखं वळतं. खालच्या बाजूला वळलं असेल तर बहुतेक कोळी, म्हणजे माइट. लाल कोळ्याचं जाळंही दिसतं आणि काळे ठिपके नसतात. हा फरक कळणं महत्त्वाचं, कारण कीटकनाशकांतली बरीच औषधं कोळ्यावर चालत नाहीत. आपल्याकडे मिरची आखडली की सरसकट 'बोकड्या आला' म्हणतात आणि मिळेल ते मारतात.

शेजारच्या मावशींचं माहेर वरंगलकडचं. २०२१-२२ मध्ये तिकडच्या मिरचीवर नवे काळे फुलकिडे आले, थ्रिप्स पार्व्हिस्पिनस नावाचे. ते बहुतेक फुलांत राहतात, त्यामुळे फूल गळतं आणि मिरची धरतच नाही. तेलंगण, आंध्रात एकरच्या एकर गेलं. तेव्हापासून मावशी माझ्या कुंड्यांकडे संशयाने बघतात. त्यांच्या तुळशीला काही झालं की बोट माझ्या गुलाबाकडे.

आता कार्डाचं. फुलकिड्यांना निळा रंग ओढतो, हे खरं आहे. लावल्यावर दुसऱ्याच सकाळी त्यावर रेघा दिसायला लागल्या. पण 'संपूर्ण बंदोबस्त' का होत नाही, ते किड्याचा जन्म कसा चालतो त्यावरून कळतं. मादी अंडी पानाच्या आत, गरात खुपसून घालते. पिल्लांना पंख नसतात, ती पानावरच खात बसतात. मोठी झाली की बरीचशी मातीत किंवा खाली पडलेल्या पाल्यात उतरतात, तिथे न खाता कोषासारखी पडून राहतात. त्यातून बाहेर येतो तो उडणारा किडा, आणि कार्डाला चिकटतो तो फक्त हा. म्हणजे घरातली अंडी, पोरं आणि झोपलेली मंडळी सुखरूप, बाहेर फिरायला निघालेला तेवढा सापडला. त्यात मादीला पिल्लं घालायला नर लागतोच असं नाही. उन्हाळ्यात हा सगळा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो.

मग साडेतीन तारे कशाचे? किडा वाढतोय की घटतोय, ही खबर देण्याचे. दर रविवारी प्रत्येक कार्डावर पिक ग्लास ठेवायचं आणि इंचात किती ते मोजायचं. आकडा चढता असेल तर हात हलवायचा, उतरता असेल तर औषधाला हात लावायचा नाही. हे एवढंच काम कार्ड करतं आणि चोख करतं. नाहीतर आपण पानं बघून ठरवतो, आणि पानावरचा चट्टा तर किडा गेला तरी तसाच राहतो. जुना चट्टा बघून दर आठवड्याला औषध मारणारे लोक मला माहीत आहेत. निवाडा नव्या पालवीवर करायचा आणि कार्डावर.

कार्ड शेंड्याच्या किंचित वर असावं. कपडे वाळत घालायच्या तारेवर, डोक्याच्या उंचीला टांगून उपयोग नाही. झाड वाढेल तसं वर सरकवा.

आता तक्रारी. पहिली, धूळ. आपल्या विजापूर रोडकडून येणारी धूळ आठवड्यात कार्ड मातकट करते आणि चिकटपणा जातो. ओल्या फडक्याने पुसलं तर डिंक फडक्याला लागतो, तो खटाटोप करू नका. दुसरी, ऊन. पारा बेचाळीसच्या पुढे गेला की डिंक पातळ होऊन खाली ओघळतो, माझ्या एका कुंडीच्या काठावर त्याची पट्टी बसलीय. कंपनीने पाकिटावर तापमान लिहायला हवं होतं. तिसरी तक्रार मोठी. निळ्याकडे मधमाश्याही येतात. शिवाय एकदा पालीचं पिल्लू चिकटलं. ओढलं असतं तर कातडी निघाली असती. स्वयंपाकघरातून शेंगतेल आणून थेंब थेंब सोडलं, हळूहळू पाय सुटले आणि ते पळालं. तेलाने हा डिंक सुटतो, हातालाही तोच उपाय. तेव्हापासून तुळस आणि झेंडूजवळ कार्ड नाही, आणि आकडा खाली आला की सगळीच काढून ठेवतो.

आकडा चढल्यावर काय, ते आता सांगतो, कारण खरा बंदोबस्त तिथे आहे.

आधी पाणी. फुलकिड्यांना कोरडी, तापलेली हवा मानवते, म्हणजे आपला मार्च ते मे. वळवाची एक दमदार सर आली की इंचातला आकडा धपकन खाली येतो, हे कार्डावर स्पष्ट दिसलं. मग तीच सर आपण पाडायची. दोन लिटरचा प्रेशरचा हातपंप घेऊन सकाळी पानांच्या खालच्या बाजूने आणि शेंड्यात जोरात पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही हे मान्य, पण दोन लिटरमध्ये सगळे गुलाब होतात. सडकी फुलं आणि तपकिरी कळ्या खुडून पिशवीत बांधून कचऱ्यात. कुंडीतच टाकल्या तर काय खुडलं?

मग निंबोळी. इथे एक सांगायलाच हवं. नर्सरीत मिळणारी 'रेडी टू यूज' बाटली, जिच्यावर अझाडिरॅक्टिन (कडुनिंबातला किड्यांवर चालणारा घटक) किती पीपीएम, म्हणजे दहा लाखात किती भाग, ते लिहिलेलं नसतं, ती घेऊ नका. वास येतो, बाकी काय आहे ते देव जाणे. कृषी सेवा केंद्रात १५०० पीपीएमची बाटली मिळते, आकडा छापलेला असतो. लिटरला पाच मिली, संध्याकाळी, कारण उन्हात ते लवकर निकामी होतं. घरचं साधं कडुनिंबाचं तेल असेल तर थोडा पातळ साबण घालून घुसळावं लागतं. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, वर तवंग येतो आणि पानं करपतात, तेव्हा नळाचंच पाणी घ्या. निंबोळीने किडा पटकन मरत नाही. त्याचं खाणं सुटतं आणि पिल्लं धड वाढत नाहीत. दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधत बसणाऱ्यांनी घेऊ नये. आणि एकदा मारून भागत नाही: पानातली अंडी आणि मातीतली कोषावस्था तेव्हा वाचलेली असते. पाच-सात दिवसांच्या अंतराने तीनदा तरी मारायचं.

मातीकडे कुणी बघत नाही. कुंडीतला वाळका पाला काढायचा, वरचा थर खुरपून निंबोळी पेंड मिसळायची. स्वस्त आहे, खतही होतं.

जैविक बुरशी, म्हणजे किड्यांवर वाढून त्यांना मारणारी ती व्हर्टिसिलियम लेकानीची पावडर, तिच्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे: सोलापुरात एप्रिलमध्ये पैसे वाया. बुरशीला रुजायला दमट हवा लागते. ऑगस्टमध्ये, पाऊस सुरू असताना संध्याकाळी मारली तर अर्थ आहे.

एवढं करूनही आकडा चढलाच, तर स्पिनोसॅड. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळणारं औषध आहे आणि फुलकिड्यांवर खात्रीचं. ४५ टक्केवाल्या बाटलीचं प्रमाण लिटरला साधारण ०.३ मिली पडतं, म्हणून झाकणाने मोजू नका. मेडिकलमधून बारीक सिरिंज आणा आणि ती औषधालाच ठेवा. ओलं असताना मधमाशीला घातक आहे, त्यामुळे सूर्य मावळल्यावर मारायचं. मिरचीवर मारल्यास लेबलवर ३ दिवस थांबायला सांगितलंय, तितके थांबा. आणि सारखं तेच मारत राहिलं की किडा त्याला जुमानत नाही. सांगोल्याचे आमचे मेहुणे डाळिंबवाले आहेत. फळावर खरचटल्यासारखे डाग पडले की व्यापारी भाव पाडतो, त्यामुळे थ्रिप्सचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या. त्यांचंही हेच म्हणणं, औषध बदलत राहा. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्याच केगावला आहे, तेव्हा या बाबतीत मेहुण्यांच्या शब्दाला वजन देतो.

घरातल्या झाडांचं थोडक्यात. सूनबाईंनी पुण्याच्या नर्सरीतून मॉन्स्टेरा मागवला, हॉलमध्ये ठेवला. पानावर चंदेरी चट्टे घेऊनच आला होता. घरात ना पाऊस ना वारा, खाणारा शत्रूही नाही, त्यामुळे फुलकिडे आरामात वाढतात आणि शेजारच्या मनी प्लँटवर जातात. अशा झाडाला बाथरूममध्ये नेऊन शॉवरखाली धुवायचं, प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसायचं, जास्त खराब पानं कापायची. आणि नवं झाड आलं की दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत, जवळ एक निळं कार्ड. घरात धूळ कमी, ऊन नाही, मधमाशी नाही. तिथे हेच कार्ड मी साडेचार ताऱ्यांचं म्हणेन. पाल मात्र घरातही असते, तेव्हा भिंतीला टेकवू नका.

पुन्हा घेणार का? घेणार. पिवळी देऊ केली तर घेऊ नका, ती पांढऱ्या माशीसाठी आणि माव्यासाठी बरी. दहाचं पाकीट दोन-तीन घरांत वाटून घ्या. त्यातली चार कार्डं मी शेजारच्या मावशींना दिली, आता त्यांच्या तुळशीला काही झालं तर मोजून सांगतील. उरलेली कागद न काढता कपाटात आडवी ठेवा, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नको, तिथे ती एकमेकांना चिकटून एकच जाड कार्ड होतं.