पादुआचे वनस्पती उद्यान: जुना भाग आधी पाहावा
इटलीतील पादुआ विद्यापीठाचे हे उद्यान १५४५ मध्ये व्हेनिस प्रजासत्ताकाच्या सिनेटच्या निर्णयाने स्थापन झाले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना खऱ्या औषधी वनस्पती आणि त्यांच्या नावाखाली खपणारी भलतीच मुळे-पाने यांतला फरक प्रत्यक्ष पाहून कळावा, हा त्यामागचा हेतू होता. रोपांच्या चोऱ्या होऊ लागल्याने वाफ्यांभोवती गोल भिंत घालावी लागली, यावरूनच त्यांचे मोल लक्षात यावे. १५८५ मध्ये लावलेला पंखाताड खास काचगृहात जपलेला आहे. त्याची जमिनीलगतची कोवळी पाने साधी, भाल्यासारखी असतात आणि पुढची क्रमाक्रमाने चिरत पंख्याचा आकार घेतात. १७८६ मध्ये जर्मन कवी गटेने नेमके हेच न्याहाळले होते. २०१४ मध्ये खुली झालेली नवी काचगृहे भव्य आहेत खरी, पण वेळ थोडा असल्यास ती वगळण्यास हरकत नाही.