होमा बे काउंटीतील ‘अनाथांची शाळा’ : देणगीच्या नावाने झालेली फसवणूक

केनियातील खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी आणि औषधपाण्यासाठी देणगी मागणाऱ्या एका मंडळीने नैरोबीतील आम्हा काही मराठी कुटुंबांना, आणि आमच्या शब्दावर पैसे देणाऱ्या पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांनाही, फसवले आहे. हीच मंडळी आता नव्या लोकांकडे पैसे मागू लागली आहे असे कळल्यामुळे हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे. प्रकरण पोलिसांकडे असल्याने कोणाचे नाव मात्र देत नाही.

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, होमा बे काउंटीतील (काउंटी म्हणजे तेथील जिल्हा) एका खेड्यात आपण अनाथ मुलांची शाळा आणि तिला लागून छोटा दवाखाना चालवतो, असे सांगणारा एक गृहस्थ आणि नैरोबीत आमच्या घरी ऊठबस असलेला एक मराठी मध्यस्थ, अशी ही जोडी होती. दरमहा मुलांची छायाचित्रे येत, प्रत्येकाखाली नाव, वय आणि आई-वडील कशाने गेले याची दोन ओळींची हकीकत असे. पश्चिम केनियात एचआयव्हीमुळे कितीतरी मुले खरोखरच पोरकी झाली आहेत, आणि त्यातही होमा बे हा सर्वाधिक झळ बसलेल्या भागांपैकी एक आहे. त्यामुळे त्या हकीकती खोट्या असतील अशी शंका येण्याचे कारण नव्हते. खऱ्या दुःखाचा असा आधार घेऊन पैसे उकळणे मला सर्वांत निंद्य वाटते.

पैसे मुख्यतः तीन गोष्टींसाठी मागितले जात : प्राथमिक वर्गांची फी, आठवीच्या मुलांची परीक्षा फी, आणि मलेरियाची लस व मच्छरदाण्या. या सर्व गोष्टी केनियाचे सरकार आधीच मोफत देत होते, हे पुढे एकेक करून उघड झाले. 2003 साली राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांच्या सरकारने सरकारी प्राथमिक शाळांची फी रद्द केली, तेव्हापासून तेथील शिक्षणाचा खर्च सरकार दर विद्यार्थ्यामागे शाळेला देते. गणवेश, वह्या, जेवण यांचा भार पालकांवर पडतो हे खरे आहे, आणि गरीब घरांना तो जड जातो हेही खरे आहे. पण आमच्याकडून घेतला जाणारा पैसा ‘प्रवेश आणि सत्र फी’ म्हणून घेतला जात होता.

परीक्षेच्या मागणीने त्यांचे बिंग फुटले. 2024 मध्ये आठवीच्या मुलांसाठी केसीपीई, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेची फी मागणारा संदेश आला. आमच्यापैकी एका घरी कामाला येणाऱ्या बाई सरोवराकडच्याच आहेत. संदेशाविषयी ऐकताच त्या म्हणाल्या, “मामा (म्हणजे बाई), ही परीक्षा तर गेल्या वर्षीच बंद झाली. माझी मुलगीही आठवीतच आहे, तिच्या शाळेत कोणी असे पैसे मागितले नाहीत.” आणि ते अक्षरशः खरे होते. केनियातील शिक्षणाचा आराखडा बदलल्यामुळे केसीपीई 2023 साली शेवटची झाली होती, आणि ती चालू असतानाही अलीकडच्या वर्षांत तिची फी सरकारच भरत होते.

मग आम्ही जुने संदेश पुन्हा काढून वाचले. मलेरियाच्या लशीसाठी प्रत्येक डोसाचे पैसे लावले होते आणि यादीतील मुले नऊ-दहा वर्षांची होती. ही लस तान्ह्या मुलांसाठी आहे. पहिला डोस सहाव्या महिन्यात आणि शेवटचा साधारण दोन वर्षांच्या सुमारास दिला जातो. केनियात तिची सुरुवात सप्टेंबर 2019 मध्ये झाली ती याच होमा बे काउंटीत, आणि सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य मिळते.

पुढे आमच्यातील काही जण त्या खेड्यात गेलो. पत्र्याच्या छपराचे एक प्रार्थनागृह, आत भिंतीला टेकवून ठेवलेली बाके, आणि कोपऱ्यात ‘शाळा व दवाखाना’ असे रंगवलेला, उचलून नेता येईल असा फलक, एवढेच तेथे होते. मुले जवळच्या सरकारी शाळेतली होती. शनिवारी त्यांना चहा आणि मांदाझी (तळलेले गोडसर पाव) देऊन बोलावत, एकसारखे स्वेटर घालायला लावत, छायाचित्रे काढत आणि स्वेटर परत घेत. आमच्याकडे ‘आई-वडील दोघेही गेलेली’ म्हणून आलेल्या एका मुलीची आई आम्हाला काठावर भेटली. जाळ्यांवर पसरलेली ओमेना, म्हणजे तेथील बोटभर चंदेरी मासळी, ती हाताने उलटीपालटी करत होती. मुलीच्या छायाचित्राखाली काय लिहिले आहे ते आमच्या सोबतच्या बाईंनी तिला तेथल्या लुओ भाषेत सांगितले, तेव्हा तिने हातातले काम थांबवले आणि तो मजकूर पुन्हा वाचायला सांगितला. “मी जिवंत असताना मला मारून पैसे घेतले,” एवढेच ती बोलली.

पैशाची वाट कशी होती तेही सांगणे आवश्यक आहे. केनियात संस्था एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेवर सहसा पेबिल क्रमांकाने, म्हणजे संस्थेच्या नावावर असलेल्या क्रमांकाने, पैसे स्वीकारतात. येथे मात्र खासगी फोन क्रमांक दिला होता आणि पाठवण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव तिसऱ्याच व्यक्तीचे होते. ‘बँकेत खाते उघडण्याचे काम चालू आहे’ हे उत्तर दर वेळी मिळे. भारतातील नातेवाइकांना यूपीआय क्रमांक देऊन 80जीच्या पावत्या पाठवल्या गेल्या. ही करसवलत परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळतच नाही, आणि भारतातील मान्यताप्राप्त संस्था असती तर तिने फॉर्म 10बीई हे प्रमाणपत्र दिले असते. ते कोणालाही मिळाले नाही. केनियातील प्रत्येक अधिकृत दवाखान्याची नोंद आरोग्य मंत्रालयाच्या यादीत असते आणि ती कोणालाही पाहता येते. या ‘दवाखान्या’चा तेथे पत्ता नव्हता. शाळेविषयी काउंटीच्या शिक्षण कार्यालयात विचारले, तेथेही तेच उत्तर मिळाले.

नैरोबीत पोलिसांकडे तक्रार दाखल झाली आहे, तो फोन क्रमांक एम-पेसा चालवणाऱ्या सफारीकॉम कंपनीच्या 333 या क्रमांकावर कळवला आहे, आणि नातेवाइकांनी भारतात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद केली आहे. पैसे परत मिळालेले नाहीत. मध्यस्थाने आमचे फोन घेणे बंद केले असले, तरी त्याच मुलीचे छायाचित्र वेगळ्या नावाने अलीकडेच लंडनमधील एका मराठी कुटुंबाकडे पोहोचले आहे. मुलीच्या आईने, आपल्या संमतीशिवाय हे छायाचित्र वापरले गेले, असा जबाब पोलिसांकडे दिला आहे. निळा स्वेटर, डाव्या भुवईवर लहानसा व्रण आणि मागे पत्र्याची भिंत असे छायाचित्र कोणाकडे आले असेल, तर पैसे पाठवू नयेत, संदेश पुसू नयेत, आणि ते तसेच्या तसे आपल्या येथील पोलिसांकडे द्यावेत.