रेडॉन मीटर आणि स्लॅबखालची पाईप-फॅन सिस्टीम, दीड वर्ष वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे. एक ते टेबलावर ठेवायचं डिजिटल रेडॉन मीटर आणि दुसरं म्हणजे घराखालचा हा रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी गॅस ओढून बाहेर टाकणारी सिस्टीम जी आम्ही बसवून घेतली ती. कंपन्यांची नावं मुद्दाम टाकत नाहीये कारण एकीबद्दल काही बरं लिहिणार नाहीये आणि मला वाद घालायला वेळ नाही.

झालं असं की लेकीला अभ्यासाला खोली हवी होती म्हणून तळघर साफसूफ करून रंगवून दिलं, ती तिकडे रोज पाच सहा तास बसायला लागली, आणि मग कुठेतरी रेडॉनबद्दल वाचलं आणि डोक्यात किडा शिरला. जमिनीत युरेनियम थोडंफार सगळीकडेच असतं, त्याचं विघटन होत होत रेडियम बनतं आणि रेडियमपासून हा गॅस. वास नाही, रंग नाही, काहीच कळत नाही. मोकळ्या हवेत निघाला तर विरून जातो, पण घराच्या खालून निघाला की स्लॅबच्या (म्हणजे तळघराच्या जमिनीच्या काँक्रीटच्या) फटी, पाईप आत येतात तिथल्या गॅप, पाण्याचा खड्डा, जिथून मिळेल तिथून आत येतो आणि कोंडतो. बरं गॅस नुसता श्वासातून आत जाऊन बाहेर आला असता तरी एक वेळ चाललं असतं, खरा त्रास त्याच्या पिलावळीचा आहे, म्हणजे त्याचं विघटन होऊन जे बनतं ते पोलोनियम वगैरे, ते धुळीला चिकटून फुप्फुसात बसतात आणि तिथूनच अल्फा कण (पेशींना इजा करणारा किरणोत्सर्ग) सोडतात. सिगरेटनंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचं मोठं कारण म्हणून रेडॉनचंच नाव घेतात, आणि घरात कोणी सिगरेट ओढणारं असेल तर त्याचा धोका आणखी कितीतरी पट वाढतो.

तर मीटर. दिसायला अगदी टेबलावरच्या घड्याळासारखं, आई त्याला अजून घड्याळच म्हणते. सुरू केल्यावर पहिले 24 तास स्क्रीनवर नुसत्या रेघा, मला वाटलं पीस खराब आला, रिटर्न टाकायला निघाले होते. मग दुसऱ्या दिवशी आकडा आला 310. सकाळी बघितलं तर 180. रात्री 390. मी तर लेकीचं सगळं सामान वर आणायला सुरुवात केली होती! नंतर कळलं की हे असंच असतं, हवेचा दाब बदलला, पाऊस झाला, दारं खिडक्या बंद राहिल्या की आकडा नाचतो. थंडीत तर जास्तच, कारण घरातली गरम हवा वरून निसटते आणि तिच्या जागी खालून जमिनीतली हवा ओढली जाते, म्हणजे घरच एक मोठं स्ट्रॉ झालेलं असतं. त्यामुळे रोजच्या आकड्याकडे बघून बीपी वाढवून घेऊ नका, मीटरमध्ये लाँग टर्म अॅव्हरेज असतं ते बघा. आमचं महिन्याचं अॅव्हरेज आलं 286 बेकरेल प्रति घनमीटर (एक घनमीटर हवेत दर सेकंदाला किती अणूंचं विघटन होतं ते माप, मीटरचे वरचे आकडेही यातच). जागतिक आरोग्य संघटना म्हणते शक्यतो 100 च्या आत ठेवा आणि ते जमतच नसेल तरी 300 च्या वर जाऊ देऊ नका. अमेरिकेत 148 ला काम करून घ्या म्हणतात, तिकडच्या हिशोबात ते 4 पिकोक्युरी प्रति लिटर.

या युनिटवरून आमच्याकडे भारी गंमत झाली. नवऱ्याने सेटिंगमध्ये काहीतरी दाबलं आणि स्क्रीनवर आलं 7.7. लगेच घरभर ओरडत फिरला, अगं उतरलं की एकदम! मला पण अर्धा तास हुश्श झालं. मग लक्षात आलं की युनिट बदललंय, एक पिकोक्युरी प्रति लिटर म्हणजे 37 बेकरेल प्रति घनमीटर, गुणाकार केला तर तेच 285 च्या आसपास. आकडा कोपऱ्यात एवढा मोठा आणि युनिट मुंगीएवढं, हे डिझाईन ज्याने केलं त्याला नमस्कार. एक स्टार त्यासाठीच कापला.

मीटर खरं बोलतंय का याची खात्री करायला लॅबची टेस्ट पण केली, अल्फा ट्रॅक वाली. छोटी डबी असते, आत प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर अल्फा कण आदळून खुणा पडतात, तीन महिने ठेवायची आणि परत पाठवायची, ते लोक खुणा मोजतात. रिझल्ट आला 271. म्हणजे मीटर बरंच प्रामाणिक आहे. फक्त खिडकीजवळ, बाथरूममध्ये, पंख्याखाली ठेवू नका, आणि जमिनीला टेकवून पण नाही.

आता सर्व्हिस. पहिला जो माणूस आला त्याने काही मोजलं नाही, काही विचारलं नाही, टॉर्च मारून फटी बघितल्या, राखाडी सीलंट भरलं आणि म्हणाला मॅडम आता टेन्शन घेऊ नका. काम म्हणून एकदम सुबक, खोटं का बोला. महिन्याने अॅव्हरेज 262. फोन केला तर म्हणे तुमचं मीटर चुकीचं असेल. नुसत्या फटी बुजवून भागत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्याला माहीत असायला हवं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या शंभर जागा असतात आणि गॅसला एक पुरते. एक दुकानदार तर मला एअर प्युरिफायर गळ्यात मारत होता, तो धूळ पकडेल हो, गॅसला काय करणार. आणि खिडक्या उघडल्या की आकडा उतरतो हे खरंय, बंद केल्या की काही तासांत परत जैसे थे.

दुसरी टीम मात्र काम समजणारी निघाली. आल्या आल्या त्यांनी स्लॅबला एका ठिकाणी भोक पाडून व्हॅक्यूम लावला आणि लांब लांब बारीक भोकं पाडून तिथपर्यंत ओढ पोचते का ते मोजलं. जिन्याच्या पलीकडे पोचतच नव्हती, खाली काहीतरी बीम आडवा होता. म्हणून पाईप एकाऐवजी दोन ठिकाणी उतरवला. खाली थोडी माती काढून पोकळी केली, पाण्याच्या खड्ड्यावर हवाबंद झाकण बसवलं, मग फटी भरल्या (म्हणजे सीलंटचं काम शेवटी, आधी नाही), आणि पाईप बाहेरून थेट छताच्या वर नेला. फॅन पण बाहेरच. मी म्हटलं आत बसवा, पावसापासून वाचेल, तर तो पोरगा म्हणाला ताई, फॅनच्या पुढचा पाईप कुठे लीक झाला तर जमिनीतला सगळा गॅस दाबाने तुमच्याच घरात येईल. पटलं. तत्त्व एवढंच की स्लॅबखालचा दाब घरातल्यापेक्षा कमी ठेवायचा, मग हवा वर यायच्या ऐवजी खाली जाते.

काम एका दिवसात झालं. आठवड्याने मीटरवर 43. परत लॅब टेस्ट केली, 48.

पाईपवर यू आकाराची नळी आहे, आत लाल पाणी, दोन्ही बाजूंची पातळी वर खाली असेल तर ओढ चालू आहे. सारखी झाली की फॅन बंद. ही नळी गॅस मोजत नाही हं, फक्त ओढ दाखवते, आमच्या शेजारच्या काकू ती बघून रेडॉन किती आहे ते सांगत होत्या. एकदा सासऱ्यांनी रात्रीची घरघर नको म्हणून फॅनचा स्विचच बंद केला, त्यांचं म्हणणं एवढ्या रात्री कोण गॅस घेतंय. कोणी सांगितलं नाही, नळीकडे मी बघितलं नाही, चौथ्या दिवशी मीटरने 200 च्या वर आकडा दाखवला तेव्हा शोधाशोध झाली. एवढी सिस्टीम बसवली तर बंद पडल्यावर ओरडणारा साधा अलार्म द्यायला काय होतं? वेगळा मागावा लागला, तक्रार म्हणून लिहिते.

बाकी बारीकसारीक. थंडीत पाईपमध्ये पाणी साचून गुडगुड आवाज येतो, उतार नीट असेल तर ते आपोआप जमिनीत परत जातं, आमच्याकडे एक क्लॅम्प परत घट्ट करावा लागला, फुकट करून दिला. पाईप बाहेरून दिसायला भिकार आहे. फॅन काही वर्षांनी बदलावा लागेल असं आधीच सांगितलं होतं, ते आवडलं. मीटरचं अॅप नोटिफिकेशन पाठवून पाठवून जीव खातं, मी बंद केलं.

अॅव्हरेज काल 46 होतं. स्विचवर आता लाल टेप आहे आणि खाली लेकीने मार्करने लिहिलंय, आजोबा नको.