साडेबारा हजारांत आकाशगंगेचा हायड्रोजन: डोंगल, ॲम्प्लिफायर आणि जाळीची डिश

मी गेली २२ वर्षं नाशिकमध्ये टीव्हीच्या डिश बसवतो. सिडको, अंबड, सातपूर, पाथर्डी फाटा, इकडच्या कितीतरी गच्च्या चढलोय. उपग्रह कुठे आहे ते आधीच ठाऊक असतं. मीटरवर आकडा चढेपर्यंत डिश बोटभर इकडेतिकडे करायची, एवढंच काम. गेल्या नोव्हेंबरात मी आकाशगंगेतल्या हायड्रोजन वायूची रेडिओ लहर पकडायला डिश लावली. त्या सामानाबद्दल सविस्तर लिहितोय, कारण विकत घेण्याआधी मराठीत असं कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

सामान तीनच गोष्टींचं: सिग्नल लॅपटॉपला देणारा यूएसबी डोंगल, १४२० मेगाहर्ट्झचा (ही हायड्रोजनच्या लहरीची फ्रिक्वेन्सी) फिल्टर असलेला ॲम्प्लिफायर आणि वायफायसाठी मिळते ती जाळीची डिश. केबल-कनेक्टर धरून साडेबारा हजार गेले. लॅपटॉप मुलीचा, सॉफ्टवेअर फुकट.

डोंगल अंगठ्याएवढा, मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही बघायला निघालेला. एका वेळी २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा दाखवतो, या कामाला तेवढा पुरतो. पण तापतो. ॲल्युमिनियमच्या खोक्यातलाच घ्या. प्लास्टिकचा स्वस्त डोंगल मी आधी वापरून बघितला, अर्ध्या तासात त्याची फ्रिक्वेन्सी सरकायला लागायची.

पैसे खर्चायचे ते ॲम्प्लिफायरवर. टीव्हीच्या डिशला एलएनबी, म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा, तोंडाशीच का असतो? सिग्नल केबलमध्ये मरायच्या आधी तो वाढवावा लागतो म्हणून. इथेही तसंच. मी पहिल्या दिवशी ॲम्प्लिफायर लॅपटॉपजवळ ठेवला, मध्ये दहा मीटर केबल. पडद्यावर काही म्हणजे काही नाही. डिशच्या फीडला, म्हणजे सिग्नल गोळा होतो त्या टोकाला, चिकटवून लावला तेव्हा कुठे जीव आला. त्याला वेगळी वीज लागत नाही, डोंगलमधून त्याच केबलनं व्होल्टेज वर जातं. माझी एक तक्रार आहे, विकणाऱ्याबद्दल. त्यानं आधी उपग्रहाच्या बँडचा ॲम्प्लिफायर पाठवला, आणि बदलून यायला तीन आठवडे गेले. पार्सल उघडलं की आधी त्यावरचा १४२० आकडा बघा.

डिश २.४ गिगाहर्ट्झची, म्हणजे आपल्या कामाची नव्हे, तरी भागतं. मुलगी बी.एस्सी.ला आहे, तिनं विचारलं, एवढ्या फटींतून सिग्नल निसटत नाही का? हायड्रोजनची लहर २१ सेंटीमीटर लांब असते, तिला दोन-तीन सेंटीमीटरची फट पत्र्यासारखीच. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत हेच तत्त्व आहे. आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावहून आत गेलं की लागतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आणि सगळ्या बारीक तारांच्या जाळीच्या. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला, खर्च आवाक्यात राहिला. ती दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही युक्ती. मी स्वतः डिश उभ्या करतो, वाऱ्याचं वजन काय असतं ते मला माहीत आहे. त्या जाळीखाली उभा राहून मी हात जोडले होते.

सिडकोतल्या आमच्या गच्चीवर मात्र जमलं नाही. शेजारी मोबाइल टॉवर, खाली एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर. पडदाभर काटेच काटे. शेवटी सगळं गिरणारेला मेहुण्याच्या मळ्यात नेलं, द्राक्षबागेच्या कडेला. संध्याकाळी सातच्या सुमाराला हंस तारकासमूह वायव्येला उंचावर होता. डिश तिकडे केली आणि पाच मिनिटांची सरासरी लावली. पडद्यावरच्या रेघेत १४२०.४ मेगाहर्ट्झवर उंचवटा आला. डिश दक्षिणेला, आकाशगंगेपासून दूर वळवली, तर तो जवळजवळ बसला. परत हंसाकडे, परत वर. सात-आठ वेळा मी हेच केलं. सासूबाई येऊन बसल्या, म्हणाल्या, “जावईबापू, तिकडनं कोण बोलतंय?” म्हटलं, कुणी नाही आई, नुसता वायू आहे. तरी त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन आपली फिरकी उलटवतो तेव्हा ही लहर निघते. एका अणूला त्यासाठी सरासरी एक कोटी वर्षं लागतात. आकाशगंगेत अणूच इतके, की गिरणारेच्या बांधावर ती पोचते. डच खगोलशास्त्रज्ञ व्हॅन डे हुल्स्ट यांनी १९४४ साली ती गणितानं सांगितली. १९५१ साली हार्वर्डला युएन आणि पर्सेल यांनी प्लायवूडचा भोंगा खिडकीबाहेर काढून पकडली. पाऊस आला की त्या भोंग्यातून पाणी थेट प्रयोगशाळेत यायचं. गच्चीवरच्या माणसाला हे वाचून फार जवळचं वाटतं.

उंचवटा एकटा नव्हता. १४२०.७ च्या पुढे दुसरा, बुटका. वायू आपल्याकडे येत असेल तर फ्रिक्वेन्सी वाढलेली दिसते. पृथ्वीचा वेग वजा करून मुलीनं हिशोब केला: सेकंदाला सुमारे ८० किलोमीटर वेगानं आपल्याकडे येणारा वायू, आकाशगंगेच्या बाहेरच्या भुजेतला. आकाशगंगा फिरते हे साडेबारा हजारांच्या सामानानं आमच्यासमोर मांडलं. आणि याच लहरीच्या जोरावर २०२३ च्या जानेवारीत खगोलशास्त्रज्ञ अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी जीएमआरटीतून ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा सिग्नल पकडल्याचं जाहीर केलं. वाटेत विश्व प्रसरण पावत गेलं आणि २१ सेंटीमीटरची लहर ताणून ४८ ची झाली. मधली एक दीर्घिका भिंगासारखी आडवी आली, म्हणून तो सिग्नल आपल्यापर्यंत पोचण्याइतका प्रखर झाला.

सोबत आलेले कनेक्टर हलके आहेत, दोनदा पिळले की ढिले, नवे टाका. डिश गंजते, रंग मारून घ्या. चित्रं दिसतील या आशेनं घेणार असाल तर घेऊ नका, पडद्यावर एक रेघ हलते, बस. शाळेच्या प्रयोगशाळेनं मात्र जरूर घ्यावं.

आमची डिश गिरणारेलाच ठेवलीय. एप्रिलमध्ये पहाटे पाचला धनू रास दक्षिणेला ४० अंशांवर येते. आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेला वायू आपल्याला आडवा फिरतो, म्हणून पृथ्वीचा वेग वजा केल्यावर तिथे उंचवटा मधोमध, एकटाच यायला हवा, असं मुलगी म्हणते. दोन मीटर नवी केबल आणि चांगले कनेक्टर आणून ठेवलेत.